छळाच्या काळात आपली माणसे

चि. बाळास,



ओळखीच्या एका कुटुंबाच्या घरची प्रार्थनासभा जमावाने बंद पाडली आणि तेव्हापासून तुमच्या तरुणसंघात दोन तट पडले, हे तुझ्या पत्रातून समजले. एक तट म्हणतो, जशास तसे. दुसरा म्हणतो, गप्प बसा, आपोआप निवळेल. विश्वासणाऱ्यांनी यातले काय करावे, असे तू विचारले आहेस. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि ते का हे समजायला पुण्याबाहेर जायचीही गरज नाही.

क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जमीन सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात दरबाराने दिलेली. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना उपासनेसाठी जागा हवी होती, ती मिळाली. इंग्रजांनी पुणे घेतले ते त्यानंतर, 1817 मध्ये. ‘तुम्ही इंग्रजांबरोबर आलात’ असे कोणी तोंडावर म्हणाले, तर आवाज न चढवता एवढे सांगता आले पाहिजे.

ती जमीन मिळाल्यावर सुमारे शंभर वर्षांनी मात्र याच शहराचे दुसरे रूप दिसले. 1890 च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसताच बाजूला ठेवला. गोपाळराव जोश्यांनी नावे छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ख्रिस्ती माणसाच्या अंगणातल्या चहाची ही किंमत होती. त्या काळी प्रत्यक्ष ख्रिस्ती होणाऱ्याला काय मोजावे लागत असेल, ते यावरून समजते.

ती किंमत याच शहरात पंडिता रमाबाईंनी मोजली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळे. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. एवढ्यावरून 1893 मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळावरच्या रानडे, भांडारकरांसारख्या सुधारकांनी जाहीरपणे अंग काढून घेतले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली परत नेल्या. ज्यांच्या आधारावर काम उभे होते, ते लोक बाजूला झाले.

या कथेचा दुसरा भाग आपल्या मंडळ्यांत कमी सांगितला जातो. रमाबाईंना घरच्यांनी, म्हणजे ख्रिस्ती मंडळींनीही, सुखाने राहू दिले नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंच्या प्रश्नांत जिज्ञासा दिसेना, गर्व दिसे. चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. शारदा सदनात धर्मोपदेश होत नाही म्हणून इथले काही मिशनरीही नाराज होते. म्हणजे बाहेरचे म्हणत, ही बाई बाटवते. आतले म्हणत, ही पुरेशी ख्रिस्ती नाही. संकटातल्या माणसाचा विश्वास तोलत बसणे हा आपल्या लोकांचा जुना दोष आहे, आणि तो गंभीर आहे. ज्या घरावर जमाव आला ते कोणत्या पंथाचे, त्यांचा बाप्तिस्मा कोणत्या पद्धतीने झाला, त्यांचे पाळक कोण, असले प्रश्न त्या आठवड्यात कोणी काढू नयेत.

रमाबाईंनी टीकाकारांशी आयुष्यभर भांडण मांडले नाही, आणि प्रार्थना करताना दारही लावून घेतले नाही. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून दौंडकडच्या केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर वस्ती केली. तेच मुक्ती मिशन. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग छावण्यांत मुलींची होणारी हेळसांड त्यांनी ‘बाँबे गार्डियन’ला पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. सरकार ख्रिस्ती होते म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांचे हे धैर्य सर्वांत मोलाचे वाटते.

ख्रिस्ती माणसाला हा निर्भीडपणा स्वतःच्या इतिहासाबद्दलही दाखवावा लागतो. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशन चालले. देवळे पाडली गेली, लोकांना घरदार सोडावे लागले. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच येशूसंघी मारले गेले, त्यांची आठवण चर्च ठेवते. पण त्यानंतर तिथल्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणेला बोलावून ठार करण्यात आले, तीही आठवण ठेवली पाहिजे. आपल्यावरचा अन्याय तेवढा खरा आणि आपण केलेला तेवढा इतिहासजमा, अशी मांडणी केली तर उद्या आपल्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

चिडलेल्या नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडे कसे पाहावे, हे नारायण वामन टिळकांच्या घरात दिसते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार मोडून पडला. लक्ष्मीबाईंचे त्या काळातले दुःख ‘स्मृतिचित्रे’त वाच. नातलगांचा आक्रोश खोटा नव्हता, त्यांच्या दृष्टीने माणूस गेलाच होता. टिळकांनी बायकोवर धर्म लादला नाही. अहमदनगरला ती आली तेव्हा तिचे सोवळे-ओवळेही चालू दिले. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक रागावलेला माणूस द्वेष्टा असतो असे धरून चालू नये.

द्वेष असतो, हेही खरेच. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले फिलिप व तिमथी यांना गाडीत जिवंत जाळले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, कुष्ठरुग्णांचे काम पुढे चालवले आणि 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्षमेचा हा भाग उपदेशांत वारंवार येतो. खटला चालूच राहिला, हा भाग राहून जातो. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. विधवेने मनातून क्षमा करावी आणि राज्याने गुन्ह्याला शिक्षा द्यावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. ‘क्षमा केली’ म्हणून तक्रारच न देणारी मंडळी पुढच्या गावातल्या गरीब विश्वासणाऱ्याला उघड्यावर टाकते.

म्हणून त्या कुटुंबाच्या बाबतीत आधी काय करायचे ते ऐक. त्यांच्याकडे जा, जेवण घेऊन जा, मुलांना शाळेत पोचवायला सोबत कर. मग वकिलाला घेऊन पोलिस ठाणे गाठा. घटना कोणत्याही हद्दीतली असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेतली नाही तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज, त्यानंतर दंडाधिकारी. तारीख, वेळ, कोण काय बोलले, हे त्याच रात्री लिहून ठेवावे. एक शब्दही वाढवू नये. मोबाइलवर येणारी जुनी किंवा परदेशातली छायाचित्रे पुढे ढकलणाऱ्या मित्रांना थांबव, कारण एक खोटे छायाचित्र दहा खऱ्या तक्रारी बुडवते.

आपली बाजूही तपासा. राज्यघटनेचे कलम 25 धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा मूलभूत हक्क नाही. आजारी माणसाला हमखास बरे होण्याचे आश्वासन देणे, दुसऱ्यांच्या देवांची टिंगल करणे, हे कोणी करत असेल तर पंचांनी त्याला थांबवावे. कायदा तसे सांगतो, आणि त्याआधी शेजारधर्मही.

2025 च्या जूनमध्ये सांगलीत एका आमदारांनी धर्मगुरूंवर हल्ला करणाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली. त्यावर जुलैमध्ये ख्रिस्ती समाज मुंबईच्या आझाद मैदानावर जमला आणि कारवाईची मागणी केली. कोणी दगड उचलला नाही, कोणी घरीही बसले नाही. तुझ्या दोन्ही तटांना हे उदाहरण दे.

आणि एक मागणे आहे. ज्या शहरात शारदा सदन एकटे पडले, तिथेच 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्याच सदनातल्या विधवेशी लग्न केले, आणि त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. ते ख्रिस्ती नव्हते. बहिष्काराला जातधर्म लागत नाही. उद्या पुण्यात मशिदीवर, विहारावर किंवा एखाद्या आंतरजातीय जोडप्याच्या घरावर दगड आला, तर तुमच्या तरुणसंघाचे निवेदन पोलिस आयुक्तांच्या टेबलावर सर्वांत आधी पोचू दे.

तुझी,
मावशी