यवतमाळ जिल्ह्यात शोभेची झाडे कोणती लावावीत?

१९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवास प्रारंभ केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात गावोगाव रोपे लावली जातात. ती पुढचा वैशाख पाहतील किंवा नाही, हे पुष्कळसे झाडाच्या निवडीवर अवलंबून असते. यवतमाळ जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. ज्या गावी माणसांना व गुरांना पाणी अपुरे पडते, तेथे शोभेच्या झाडास ते कोठून मिळणार? यास्तव थोड्या पाण्यावर जगणारीच झाडे निवडावीत.

प्रथम जमीन पाहावी. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते व उन्हाळ्यात भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. अशा जागी पळस व करंज लावावेत. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत कडुनिंब व बहावा चांगले येतात. शाळेच्या अंगणात कडुनिंबास अग्रमान द्यावा; कारण उन्हाळ्याच्या तोंडी त्यास नवी पालवी फुटून दाट सावली मिळते. रस्त्याच्या कडेस बहावा लावावा. तो ऐन उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी बहरतो. बहावा व पळस यांचा पाला गुरे सहसा खात नाहीत. कडुनिंबाचे रोप मात्र शेळ्यांपासून जपावे.

गुलमोहर हे मूळचे मादागास्करचे झाड. ते लवकर वाढते व सुंदर दिसते. परंतु त्याची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असल्यामुळे वादळात ते मोडते. म्हणून शाळा, घर व गोठा यांजवळ ते लावू नये. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असले, तरी त्यास ओलावा लागतो. ते नाल्याकाठीच लावावे.

कडुनिंबाच्या बियांची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. त्या ताज्याच पेराव्यात. बहाव्याचे बी कठीण असते. त्यावर उकळते पाणी ओतून ते रात्रभर भिजू द्यावे. पळसाचे बी जागेवरच टोकावे, कारण त्याच्या सोटमुळास स्थलांतर मानवत नाही.

मे महिन्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत. माती व शेणखत भरून, जमीन चांगली भिजल्यावर रोपे लावावीत. पावसाळा संपताच भेगा बुजवून आळ्यात पालापाचोळा पसरावा. प्रत्येक झाड एकेका घराकडे सोपवावे आणि पहिले दोन उन्हाळे धुण्याभांड्याचे पाणी त्यास घालावे. जितकी झाडे अशी सांभाळता येतील, तितकेच खड्डे खणावेत.