संगणकाची राखण आणि भगिनींची एकजूट

कापडबाजारात एखाद्या पार्टीचे चेक परत येऊ लागले की दलालांच्या तोंडून संध्याकाळपर्यंत ती खबर पेढीपेढीवर पोहोचते. कित्येक व्यापारी यामुळेच बुडता बुडता वाचले आहेत. पण चोरी संगणकातून झाली की हाच बाजार मुका होतो. आम्हीही मुके झालो होतो. दोन वर्षांपूर्वी सूत पुरविणाऱ्या जुन्या पेढीच्या नावाने आम्हाला ईमेल आला, की बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी. पाठविणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर वेगळे होते, ते नजरेतून सुटले आणि पैसे गेले. लाजेखातर आम्ही कोणाजवळ बोललो नाही. दीड महिन्यानंतर मागच्या गल्लीतील एक कारखानदार अगदी तशाच पत्राने फसले. आमच्या गप्प बसण्याची किंमत त्यांनी मोजली.

म्हणूनच आज आम्ही व्यापारी बांधवांसमोर काही भगिनींच्या कामाची माहिती ठेवीत आहोत. संगणकाची राखण करणे, म्हणजे सायबर सुरक्षा, हा आता एक स्वतंत्र पेशा झाला आहे. त्यात स्त्रिया कमी. पुष्कळ ठिकाणी एका खात्यात एकटीच बाई असते. शंका विचारावी तर ‘एवढेही येत नाही?’ असे ऐकावे लागेल ही धास्ती. ही धास्ती आम्हाला चांगली ठाऊक आहे. उर्दू शाळेतून आलेल्या आमच्यासारख्याला बँकेतील इंग्रजी फॉर्मपुढे तोंड उघडवत नसे.

यावर अमेरिकेतील टेनेसी टेक विद्यापीठाच्या प्राध्यापिका अंबरीन सिराज यांनी मार्ग काढला. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानातून त्यांनी ‘विमेन इन सायबरसिक्युरिटी’ हा उपक्रम उभा केला आणि 2014 साली नॅशव्हिल शहरात पहिली परिषद भरविली. विद्यार्थिनी, अध्यापिका आणि प्रत्यक्ष नोकरीतील स्त्रिया तेथे एकत्र बसतात. गरजू विद्यार्थिनींना येण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. कारखान्यात शागीर्द उस्तादाच्या शेजारी बसून जे शिकतो ते कोणत्या किताबात असते? तोच प्रकार येथे आहे. पुढे या उपक्रमाची स्वतंत्र संस्था झाली.

आपल्या देशात वंदना वर्मा यांनी ‘इन्फोसेक गर्ल्स’ या गटामार्फत मुलींना या कामाची ओळख करून दिली. पुढे त्या ‘ओवास्प’च्या जागतिक संचालक मंडळावर गेल्या. 2001 साली सुरू झालेली ही संस्था वेबसाइटमधील दहा मोठ्या दोषांची यादी तयार करून सर्वांना फुकट देते. शिवाय 2018 साली मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी अभियांत्रिकी झालेल्या मुलींसाठी ‘सायबर शिक्षा’ ही प्रशिक्षण योजना काढली.

या पेशातील एक रीत आम्हाला फार आवडली. हल्ला झाला की फसलेल्याचे नाव झाकायचे, पण चोराची चाल उघड करायची. पत्र कसे आले, विश्वास का बसला, कुठे चूक झाली, हे सांगायचे. ऐकणारा लगेच आपले घर तपासतो. चोर तर चोरलेले पासवर्ड आणि याद्या एकमेकांना सर्रास विकतात. त्यांची जमात पक्की आहे!

आमच्या बाजारातील एका रंगारी बांधवांची लेक संगणक शिकली आहे. गेल्या वर्षापासून दर गुरुवारी पेढ्या बंद झाल्यावर ती तासभर आमच्यात बसते. प्रथम काहीजण म्हणाले, पोरीकडून काय शिकायचे? आता तेच आपला मोबाईल पुढे करतात. तिने शिकविलेले थोडक्यात असे. खाते बदलल्याचे पत्र आले तर पत्रातील नंबरावर नव्हे, आपल्या वहीतील जुन्या नंबरावर फोन करून खात्री करावी. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. मागणारा ठग समजावा. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड एक ठेवू नये. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला 1930 वर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी खबर गेली तर ती अडविता येते. आम्ही तीन दिवस घालविले होते.

पहिल्या गुरुवारी तिने विचारले, ‘कोणाला असे पत्र आले आहे का, चाचा?’ बराच वेळ कोणी बोलेना. मग आम्हीच तो ईमेल काढून तिच्या हातात दिला. ते वेगळे अक्षर तिने लगेच दाखविले. मागच्या गल्लीतील कारखानदार शेजारीच बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि आपला मोबाईल खिशातून काढला.