खाचेच्या पंखापासून हृदयाच्या झडपेपर्यंत

तुमचे हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके देते. दर ठोक्याला महारोहिणीच्या तोंडाशी असलेली झडप उघडते व मिटते. या झडपेला तीन पाकळ्या असतात. पण शंभरातील एखाद-दुसऱ्याला जन्मतःच दोन असतात. अशी झडप पुढे लवकर कडक होऊ शकते. पाकळी कमी का पडते?

उत्तराचा एक धागा फळमाशीपाशी आहे. १९१० ते १९२० च्या दरम्यान अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत पंखाला खाच असलेल्या माश्या अभ्यासल्या गेल्या. खाचेला इंग्रजीत ‘नॉच’ म्हणतात. तेच नाव त्या जनुकाला मिळाले. माणसात अशी चार जनुके आहेत.

नॉच प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार रोवलेले असते. शेजारच्या पेशीवरील प्रथिन त्याचे बाहेरचे टोक पकडून ओढते. ओढ बसताच झाकलेला भाग उघडा पडतो, विकरे तेथे काप घेतात आणि आतला तुकडा सुटून केंद्रकात जातो. तेथे तो काही जनुके चालू करतो. म्हणजे एक प्रथिन एकदाच निरोप देते!

गर्भाच्या हृदयात अस्तरातील काही पेशी अशा निरोपांमुळे जागा सोडून झडपा घडवू लागतात. २००५ साली विदू गर्ग, दीपक श्रीवास्तव व सहकाऱ्यांना या झडपेचा विकार असलेल्या दोन कुटुंबांत नॉच-१ जनुकातील दोष आढळला. मात्र दोन पाकळ्या असलेल्या बहुतेकांत हा दोष सापडत नाही. तेव्हा हा कोड्याचा केवळ एक भाग आहे. उरलेले शोधायला तुमच्या पिढीला वाव आहे.