गोधडी

पौष महिन्यातील पहाट आहे. अंगणात दव पडले आहे. आई दोनदा हाक मारून गेली, तरी अंगावरची गोधडी दूर सारावीशी वाटत नाही. हा अनुभव पुष्कळांना असेल. आता उजाडल्यावर तीच गोधडी अंगणात पसरून नीट पाहा. एका कडेला आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसेल. त्याच्या शेजारी आजोबांच्या धोतराचा पांढरा तुकडा असेल आणि मध्येच तुम्हांला आखूड झालेल्या सदऱ्याचे चौकडीचे कापड डोकावेल. घरातील माणसांच्या अंगावरून उतरलेले कपडे येथे एकत्र आलेले असतात.

गोधडीला काही भागांत वाकळ असेही म्हणतात. ती जुन्या कापडाचीच का करतात? नव्या सुती कापडाला खळ असते, त्यामुळे ते ताठ लागते. वर्षानुवर्षे धुवून व वापरून तेच कापड मऊ होते. पुढे ते इतके विरते की, अंगावर घालण्याच्या उपयोगाचे राहत नाही. अशा एकट्या जुनेराला ताण सोसत नाही. पण पाचसहा जुनेरे एकावर एक ठेवून शिवली, म्हणजे त्यांचे बळकट पांघरूण होते. ज्या झिजेमुळे कपडा टाकाऊ ठरला, तीच झीज गोधडीचा गुण ठरते.

गोधडी शिवण्याचे काम बहुधा उन्हाळ्यात करीत. त्या दिवसांत शेतातील कामे हलकी झालेली असतात आणि धुतलेले कपडे कडक उन्हात चांगले वाळतात. प्रथम नऊवारी लुगड्याचे आडवे चार सारखे तुकडे करावयाचे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, म्हणून प्रत्येक तुकडा २ मीटरांहून थोडा अधिक लांब येतो. दोन तुकडे लांबीच्या बाजूने जोडले की गोधडीचा खालचा थर तयार होतो. उरलेले दोन जोडले की वरचा थर होतो. खालचा थर जमिनीवर ताणून पसरावा व त्याच्या चारही कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. त्यावर धोतरे, सदरे, परकर यांचे उसवलेले तुकडे नीट मांडावेत. कोठे पोकळी राहू नये व कोठे गाठोडे होऊ नये, याकडे लक्ष द्यावे. मग वरचा थर घालून लांब लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे कापड सरकत नाही. शेवटी जाड सुती दोऱ्याने काठापासून धावदोरा घालण्यास आरंभ करावा. बोटभर अंतर ठेवून एकीच्या आत दुसरी अशा टाक्यांच्या रांगा मध्यापर्यंत नेल्या की गोधडी पुरी होते.

हे टाके केवळ शोभेसाठी नसतात. त्यांनी सारे थर जागच्या जागी राहतात व त्या थरांमध्ये हवा अडकून पडते. हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. त्यामुळे आपल्या शरीराची ऊब सहजासहजी बाहेर जात नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी हा शास्त्राचा नियम अनुभवाने ओळखला होता.

दुपारी शेजारणी एकत्र बसत. दोघी एका कडेला, दोघी दुसऱ्या कडेला. म्हाताऱ्या डोळ्यांना सुईचे नेढे दिसत नसे. म्हणून दोरा ओवून देण्याचे काम मुलांकडे येई. अशा वेळी एखादा नातू विचारी, “आजी, हा तुकडा कशाला घेतलास? याला तर भोक पडले आहे.”

आजी म्हणे, “भोक झाकायला दुसरा तुकडा आहे ना, बाळा! तुझे आजोबा हे धोतर नेसून पंढरीच्या वारीला जात. ते का फेकून देऊ?”

ज्याने आजोबांना कधी पाहिले नाही, तो नातू त्यांच्या धोतराची ऊब घेऊन झोपी जाई.

गोधडी ही गरिबीची खूण समजून काही लोकांना तिची लाज वाटते. परंतु हाती खराटा घेऊन गावोगाव स्वच्छता करणारे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घेत. त्यामुळे लोक त्यांना गोधडे महाराज असेही म्हणत. त्या वस्त्राने त्यांची थोरवी उणी झाली नाही.

ही कला केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा शिवतात. त्यासाठी पूर्वी साडीच्या काठातूनच रंगीत दोरे काढून घेत. बिहारमध्ये नवजात बालकासाठी सुजनी करीत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. त्यांच्या बायकाही काठापासून मध्याकडे टाके घालीत कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाची लहान फुले लावतात. भाषा निरनिराळ्या, परंतु ऊब एकच.

आज यंत्रावर विणलेली पांघरुणे बाजारात स्वस्त मिळतात. रोज नऊवारी नेसणाऱ्या स्त्रिया थोड्या राहिल्या आहेत. पुष्कळ कपडे कृत्रिम धाग्यांचे असतात. ते घाम नीट शोषत नाहीत आणि फेकले तर वर्षानुवर्षे मातीत कुजत नाहीत. गोधडीला लागणारे मऊ सुती जुनेरच आता घरात कमी झाले आहे. शिवणारे हातही थकत चालले आहेत. ते हात थांबण्यापूर्वी त्यांच्याजवळचे ज्ञान घेतले नाही, तर ते पुस्तकात शोधून सापडणार नाही.

चित्रकार आपल्या चित्राखाली नाव लिहितो. गोधडी शिवणारीने हजारो टाके घातले, पण आपले नाव कोठेही घातले नाही. म्हणून तुमच्या घरात जुनी गोधडी असेल, तर ती कोणी शिवली, हे आज विचारून घ्या. कोणता तुकडा कोणाचा, हेही विचारा आणि ते वहीत लिहून ठेवा. मग एका सुईत दोरा ओवा व जेथे टाका उसवला असेल, तेथे आपल्या हाताने एक टाका घाला.

स्वाध्याय

१. गोधडीसाठी जुनेच कापड का निवडतात?
२. गोधडीमुळे ऊब कशी मिळते, ते सांगा.
३. ‘भाषा निरनिराळ्या, परंतु ऊब एकच’ हे वाक्य पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. जुन्या सुती कापडाचे चार थर घेऊन बसण्यापुरते लहान आसन शिवा.