'पाहिजे', 'लागते' आणि देणे

शास्त्रवाचन : लूक १३:१०-१७, लूक २४:१३-२७, मत्तय १८:२३-३५, योहान १३:१-१७, रोम १३:८-१०

नोएडात राहून मराठी भाषांतराचे काम करणाऱ्याच्या कानांवर दिवसभर हिंदी पडत असते. एकदा एक मसुदा तपासत असता शेजारी बसलेल्या एका हिंदीभाषक बंधूंनी सहज विचारले, "इंग्रजीतील 'मस्ट' आणि 'ऑट' या शब्दांना तुमच्या मराठीत काय म्हणतात?" मी म्हणालो, "पाहिजे." पण लगेच लक्षात आले की उत्तर अपुरे आहे. 'करावे', 'केले पाहिजे', 'करावे लागते', 'करणे भाग आहे', 'करणे अवश्य आहे' अशी कितीतरी रूपे आपल्याजवळ आहेत आणि त्यांतील कोणतीही दोन सारखी नाहीत.

आमच्या त्या बंधूंच्या भाषेत 'उसे जाना चाहिए' आणि 'उसे जाना पड़ा' या दोन्ही वाक्यांत माणूस एकाच विभक्तीत उभा असतो. मराठीत तसे नाही. 'त्याने गेले पाहिजे' असे म्हणताना तो मनुष्य कर्ताच राहतो. 'त्याला जावे लागले' असे म्हणताच त्याच्या हातचे कर्तेपण जाते. जाणे त्याच्यावर येऊन पडते. बोलताना आपण 'मला जायला पाहिजे' असेही म्हणतो हे खरे. तरी 'पाहिजे' आणि 'लागते' यांतील भेद मराठी कानाला सहज कळतो. 'ने' आणि 'ला' या एवढ्याशा प्रत्ययांत केवढा अर्थ साठलेला आहे, हे शास्त्र वाचताना ध्यानात येते.

एक शब्द, दोन माणसे

नव्या करारात 'देइ' हे ग्रीक क्रियापद सुमारे शंभर वेळा येते. त्यांतील चाळीसएक वेळा ते एकट्या लूकच्या दोन ग्रंथांत आहे. 'अगत्याचे आहे', 'झालेच पाहिजे' असा त्याचा आशय. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कमरेतून वाकलेली एक स्त्री शब्बाथ दिवशी बरी होते. सभास्थानाचा अधिकारी रागावून लोकांना सांगतो की काम करण्यासाठी सहा दिवस ठरलेले आहेत. त्याच्या तोंडी 'देइ' आहे. प्रभू उत्तर देताना हाच शब्द उचलतो आणि विचारतो की या अब्राहामाच्या कन्येला त्याच दिवशी बंधनातून सोडवणे अगत्याचे नव्हते काय? वाद शब्बाथाचा दिसतो, परंतु खरा प्रश्न 'पाहिजे' कोणाचे, हा आहे. अधिकाऱ्याचे 'पाहिजे' दिनदर्शिकेतून आलेले आहे, तर प्रभूचे त्या वाकलेल्या पाठीकडे पाहून आलेले आहे. भाषांतरात एके ठिकाणी 'पाहिजे' आणि दुसरीकडे 'योग्य' असे घातले, तर हा सामना वाचकाच्या नजरेतून निसटतो.

'लागले' की 'अवश्य होते'?

याहून कठीण जागा अम्माऊसच्या वाटेवर आहे. ख्रिस्ताने दुःख सोसणे आणि आपल्या गौरवात जाणे याविषयी लूक २४:२६ मध्ये 'देइ'चे भूतकाळी रूप आले आहे. येथे मराठी भाषांतरकार पेचात सापडतो. 'ख्रिस्ताने दुःख सोसायला पाहिजे होते' असे लिहावे, तर मराठी वाचक समजेल की त्याने ते सोसले नाही! 'ख्रिस्ताला दुःख सोसावे लागले' असे लिहावे, तर ते घडले हे कळते. पण तो नाइलाजाने बळी पडला असा सूर निघतो. योहान १०:१८ मध्ये तर प्रभू स्पष्ट सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. म्हणून 'अवश्य होते' यासारख्या शब्दांचा आधार घ्यावा लागतो. गेथशेमाने बागेतील घाम आणि वेदना खऱ्या होत्या. तरीही तेथे पित्याच्या इच्छेला 'होय' म्हणणारा पुत्र कर्ताच राहिला. 'ने' सुटला नाही.

जक्कयाची गोष्ट घ्या (लूक १९:५). तेथेही 'देइ' आहे. एखादा पाहुणा दारात येऊन म्हणाला, "आज मला तुमच्याकडे उतरावे लागते आहे," तर कोणत्या यजमानाला आनंद होईल? जक्कय तर आनंदाने उतरून खाली आला. अर्थात ते अगत्य प्रेमाचे होते.

उलट मत्तय १८:३३ मध्ये भूतकाळाचे तेच रूप आहे आणि तेथे 'पाहिजे होते' हेच मराठीत चपखल बसते. धन्याने क्षमा केलेल्या दासाने आपल्या सोबत्यावर दया करायला पाहिजे होती. ती त्याने केली नाही. मूळ रूप एकच, पण मराठीत एका ठिकाणी जे चालते तेच दुसऱ्या ठिकाणी अर्थाचा घात करते.

कर्तव्याच्या मुळाशी ऋण

इंग्रजी 'ऑट' हा शब्द मुळात 'देणे लागणे' या अर्थाच्या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली छापलेल्या नव्या करारात, लूक ७:४१ मधील दोघा कर्जदारांविषयी हाच शब्द पैशाच्या देण्यासाठी वापरला आहे. आमचे 'पाहिजे' मात्र 'पाहणे' या धातूपासून आले. ज्याची वाट पाहिली जाते, ते 'पाहिजे'. म्हणून त्यात अपेक्षा आहे, ऋण नाही.

ग्रीकमध्ये मात्र ऋणाचाच शब्द कर्तव्यासाठीही वापरतात. तो 'ओफेइलो'. योहान १३:१४ मध्ये एकमेकांचे पाय धुण्याविषयी आणि १ योहान ४:११ मध्ये परस्पर प्रीतीविषयी हाच शब्द आहे. नुसते 'पाहिजे' म्हटले, तर पाय धुणे हा एक नियम होतो. मुळात ते देणे आहे. आपल्या देशात देवऋण, ऋषिऋण व पितृऋण यांचा विचार फार पुरातन आहे. तेथे ऋण फेडून मोकळे व्हावयाचे असते. रोम १३:८ मध्ये पौल निराळेच सांगतो. बाकीची सर्व देणी चुकती करावीत, मात्र प्रीतीचे देणे कधी फिटत नाही.

येथे मत्तयातील दाखल्याचे आकडे पाहावेत. शंभर दिनार म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! एवढे ऋण ज्याचे माफ झाले, त्याच्या कर्तव्याला 'लागते' हा शब्द शोभत नाही. धन्याने जाब विचारताना सोबत्याकडे बोट दाखवले.

मंडळीत आपण पुष्कळदा म्हणतो, "सभेला जावे लागते," "आजाऱ्याला भेटावे लागते," "वर्गणी द्यावी लागते." काम तेच असते, पण त्यात आपण कर्ते राहिलेले नसतो. हा दोष केवळ व्याकरणाचा नव्हे. ज्या घरी आपण 'लागते' म्हणून जातो, तेथील मनुष्याला ते न सांगताही कळते.

मननासाठी प्रश्न

१. या आठवड्यात आपण कोणकोणत्या कामांविषयी 'लागते' म्हणालो? त्यांतील कोणते काम खरोखर प्रीतीचे देणे होते?

२. आपल्या मंडळीतील कोणते 'पाहिजे' दिनदर्शिकेतून आले आहे आणि कोणते वाकलेल्या माणसाकडे पाहून?

३. लूक १७:१० मध्येही 'ओफेइलो' हाच शब्द आहे. देणे चुकते करणाऱ्याला बढाई का मारता येत नाही?