उठत नाही म्हणून आळशी?

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक ठरलेली तक्रार येते. आई पुढे, वडील दाराशी आणि मधे हाताची घडी घालून बसलेलं पंधरा वर्षांचं पोर. ‘डॉक्टर, हा सकाळी उठतच नाही. हाका मारा, पांघरूण ओढा, पंखा बंद करा, ढिम्म! उठला की तोंड फुगलेलं, एक शब्द धड बोलत नाही. आळशी झालाय नुसता. काहीतरी शक्तीचं लिहून द्या.’

शक्तीचं काही मी लिहून देत नाही. ते पोर बहुधा आळशी नसतंच.

वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवू लागतं आणि डोळे जड होतात. या वयात ते तास-दोन तास उशिरा स्रवतं. त्यामुळे दहाला दिवे घालवून तुम्ही मुलाला अंथरुणात लोटलंत, तरी ते साडेअकरापर्यंत टक्क जागं. इथवर बिघडलं काहीच नाही. बिघडतं ते पहाटे साडेपाचला, कारण सव्वासहाला व्हॅन दारात येते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. याला मिळाली सहा तास. रोज किमान दोन तासांची उधारी, आणि ती चिडचिड, विसरभोळेपणा, उलट उत्तरं अशा रूपाने घरादाराकडून वसूल होते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं. चांगलंच केलं. पण शरीराचं घड्याळ खरं पुढे सरकतं ते आठवी-नववी-दहावीच्या मुलांचं, आणि सातची शाळा अजून त्यांच्याच माथी. संध्याकाळी क्लास, नऊला घरी, जेवण, गृहपाठ. एवढं होऊन ‘आमच्या वेळी आम्ही पाचला उठायचो’ हे वर. उठत असाल हो, पण रात्री नऊला गावात निजानीज होत होती, हेही आठवा.

मोबाइलबद्दल बोलायलाच हवं. मूळ कारण तो नाही, पण साडेअकराचा दीड तोच करतो. रात्री सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. स्वतः अंथरुणात रील बघत मुलाला दटावणाऱ्या बापाचं कुठलंही पोर ऐकत नाही.

आता दुसरी बाजू. ‘वयच आहे’ म्हणून सगळंच सोडून देऊ नका. दहावीतली एक मुलगी आईने आणली होती. सारखी लोळते, जिना चढताना धापा टाकते, अभ्यासाचं नाव काढलं की रडते. घरात ‘मेमरी टॉनिक’च्या दोन बाटल्या संपलेल्या, इंटरनेटवर बघून मागवलेली कसलीशी पावडर चालू. मी खालच्या पापणीची आतली बाजू पाहिली, पांढरीफटक. पाळीत रक्तस्राव खूप होत होता, हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. खडू खाते का विचारलं, तर मान खाली. हिमोग्लोबिन आठच्याही खाली! लोहाच्या गोळ्या आणि पाळीवर उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत मुलगी पूर्ववत झाली. उठते अजूनही उशिराच. त्याला औषध नाही आणि गरजही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीबाहेर फेकण्यासाठी नसते, आणि ती चहासोबत घ्यायची नसते.

मग वय कुठलं आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं? मी पालकांना एकच विचारतो: दिवाळीच्या सुट्टीत, हवं तेवढं झोपू दिल्यावर, आठवड्याभरात पोर ताजंतवानं होतं का? होत असेल तर ती झोपेची उधारी होती. भरपूर झोपूनही मरगळ जात नसेल तर तपासायला आणा. मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, वजन भराभर वाढत वा घटत असेल, तरीही आणा.

आणि ज्याला एरवी क्रिकेट सोडून घरात ये म्हणून बोलवावं लागायचं, तो दोन आठवडे मैदानाकडे फिरकलाच नाही, मित्र तुटले, जेवण तुटलं, भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून हात झाकतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो, ‘मी नसलो तर बरं होईल’ म्हणतो, तर हे नाटक नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, तोवर एकटं सोडू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो.

काय करू नये, हेही ऐका. आजीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी देऊ नका. मेलाटोनिनच्या गोड गोळ्या परस्पर मागवू नका. गल्लीतल्या कंपाउंडरकडून ‘ताकदीची’ इंजेक्शनं टोचून घेऊ नका. परीक्षेच्या रात्री एनर्जी ड्रिंक तर नकोच. लहान मुलांसाठी नाही असं त्या डब्यावरच छापलेलं असतं, वाचतं कोण! तोंडावर पाणी मारून उठवणाऱ्यांना मी काय बोलू?

करायचं ते साधं आहे. उठल्याबरोबर पंधरा मिनिटं गच्चीत किंवा अंगणात उजेडात उभं राहू द्या, घड्याळ हळूहळू मागे येतं. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. क्लास निवडताना शिक्षकांच्या नावाइतकीच सुटण्याची वेळ बघा. रविवारी तास-दोन तास जास्त झोपू द्या. एक वाजेपर्यंत मात्र नको, नाहीतर सोमवार पुन्हा मुसळ केरात. सकाळी उठवताना मार्कांचा विषय काढू नका. पालक-शिक्षक सभेला गेलात की सातच्या शाळेबद्दल तोंड उघडा, सगळे मिळून उघडा.

मनाच्या काळजीसाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलाच्याच नव्हे, तुमच्या मोबाइलमध्येही तो आजच साठवून ठेवा.