नील, श्याम, कृष्ण : वर्णनामांचा एक तौलनिक प्रश्न

अमरकोशाच्या पहिल्या कांडातील धीवर्गात वर्णांची नावे येतात. तेथे कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल आणि मेचक हे सात शब्द समानार्थक म्हणून एकत्र गुंफलेले आहेत. हरिताला स्वतंत्र स्थान आहे, पीताला आहे, रक्ताला आहे. आजचा मराठी वाचक ज्याला निळा म्हणतो त्याला मात्र नाही. तो काळ्याच्या पोटात आहे. याउलट नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे वर्ण सांगताना शृंगाराला श्याम, भयानकाला कृष्ण आणि बीभत्साला नील असे तीन वेगळे वर्ण दिलेले आहेत. कोशकाराला जे एक वाटले ते नाट्याचार्याला तीन वाटले. ही विसंगती केवळ कालभेदाने उलगडत नाही. भाषा रंगांना नावे कशी देते आणि त्या नावांवरून भाषकांच्या दृष्टीविषयी कितपत अनुमान करता येते, हा जुना वाद तिच्यात गुंतलेला आहे.

या वादाचा आरंभ भारताबाहेर झाला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनने १८५८ मध्ये होमरवरील आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथात असे दाखविले की, होमरची वर्णनामे थोडी आणि अस्थिर आहेत. समुद्राला तो मद्याचे विशेषण देतो, पण निळा म्हणत नाही. १८६७ मध्ये लाझारुस गायगर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने हीच कसोटी वेदांना लावली. सूक्तांत आकाशाचे वर्णन पदोपदी येते, परंतु ते निळे आहे हे त्या सूक्तांवरून कळत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. येथपर्यंत आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही. गायगर मात्र तेथे थांबला नाही. मानवाची वर्णसंवेदनाच क्रमाक्रमाने विकसित झाली असावी, असे अनुमान त्याने काढले आणि १८७७ मध्ये ह्यूगो माग्नुस या नेत्रवैद्याने त्या अनुमानाला शरीरशास्त्राचा पोशाख चढविला. शब्दाचा अभाव हा डोळ्यांचा दोष ठरला. मग ज्या समकालीन जमातींच्या भाषांत निळ्याला वेगळा शब्द नव्हता त्यांना विकासाच्या खालच्या पायरीवर बसविणे सोपे झाले.

डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर आणि १९०१-०२ मध्ये तोडा लोकांत प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. हे तोडा राहतात त्या पर्वताच्या नावातच 'नील' आहे, हा योगायोग मोठा बोलका म्हणावा लागेल. शब्द नसतानाही छटांमधील भेद ओळखता येतो, हे त्याच्या चाचण्यांतून दिसले; तरी निळ्याविषयीची संवेदना काहीशी मंद असावी ही शंका त्याने स्वतः पुरती सोडली नाही.

संस्कृतापुरते बोलायचे तर या शंकेला उत्तर नाट्यशास्त्रातच आहे, पण ते रसाध्यायात नाही. आहार्य अभिनयाच्या अध्यायात नटांच्या अंगरचनेसाठी रंग कसे कालवावेत हे सांगितले आहे. सित, नील, पीत आणि रक्त हे तेथे मूळ रंग मानले आहेत, आणि पीत व नील यांच्या मिश्रणातून हरित होतो असे म्हटले आहे. काजळात हळद मिसळून पोपटाचा हिरवा मिळत नाही. म्हणजे रंगाच्या भांड्यापाशी बसलेल्या माणसाच्या लेखी नील हा काळ्याचा पर्याय नव्हता. सर्व रंगांत नील बलवान, म्हणून तो अल्प प्रमाणात घ्यावा, ही सूचनाही तेथे येते. ज्याने एकदा तरी निळीचे कापड धुतले असेल त्याला तिची यथार्थता वेगळी पटवून द्यावी लागणार नाही. नील हे मुळात एका वनस्पतीचे आणि तिच्यापासून निघणाऱ्या रंगद्रव्याचेही नाव आहे. एकाच शब्दाचे कोशात एक, रंगशालेत दुसरे आणि रसविचारात तिसरे मूल्य असू शकते. त्यांपैकी कोणते एक म्हणजे त्या समाजाची दृष्टी, असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबविणे भाग आहे.

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांच्या १९६९ च्या ग्रंथाने या वादाला नवे वळण दिले. मूलभूत वर्णनामे अधिकात अधिक अकरा असतात आणि ती भाषेत ठराविक क्रमाने अवतरतात, असा त्यांचा सिद्धान्त होता : प्रथम काळा-पांढरा, मग तांबडा, मग हिरवा व पिवळा, नंतर निळा, आणि पुढे तपकिरी वगैरे. त्यांच्या ९८ भाषांपैकी केवळ २० भाषांची चाचणी भाषकांकडून घेतली गेली होती, आणि तीही सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्यांकडून. हा आक्षेप रास्त होता. तथापि १९७६ पासून ११० अलिखित भाषांचे जे सर्वेक्षण ३३० रंगपट्ट्या दाखवून करण्यात आले, त्यानेही भाषाभाषांतील वर्णवर्ग मनमानी नसतात या मूळ मुद्द्याला दुजोरा दिला. सर्व काही भाषाच घडविते असे मानणाऱ्यांनी हा पुरावा टाळता कामा नये. १९७८ मध्ये के आणि मॅकडॅनिएल यांनी संयुक्त वर्गांची कल्पना मांडली; तिच्या आधारे अमरकोशातील काळ्या-निळ्याचे एकत्र असणेही समजून घेता येते.

अडचण येते ती मूलभूत शब्द निवडण्याच्या कसोट्यांपाशी. जो शब्द मोजक्याच वस्तूंना लागतो तो मूलभूत नव्हे, ही त्यांतील एक कसोटी. वस्तूच्या नावावरून आलेला शब्द शंकास्पद, ही दुसरी. मराठीत तांबडा तांब्यावरून, जांभळा जांभळावरून आणि राखाडी राखेवरून आला. तपकिरी तर तपकिरीवरून आला, म्हणजे तंबाखू या देशात येण्यापूर्वी तो असणे शक्य नाही. असे शब्द चाळणीतून कसेबसे निसटतात. सावळा मात्र निश्चित गळतो. कारण तो मुख्यतः माणसाच्या कांतीला, देवाला आणि काव्यात मेघाला लागतो. ज्या शब्दावर एका भाषेच्या भक्तिपरंपरेचा केवढा तरी भार आहे तो शब्द तक्त्यात नाहीच. हा तक्त्याचा दोष नव्हे, तक्ता त्यासाठी केलेलाच नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने तो उसना घेताना हे ध्यानी ठेवले पाहिजे.

रंगाला केवळ छटा मानणे हाच मुळी एक विशिष्ट दृष्टिकोण आहे. फिलिपिन्समधील हनुनो लोकांच्या भाषेविषयी हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी १९५५ मध्ये लिहिले की, तेथील चार प्रमुख वर्णनामांत उजळ-गडद या भेदाइतकाच ओल्या-सुक्याचा भेद महत्त्वाचा आहे. नुकत्याच तोडलेल्या बांबूचा ओलसर, तपकिरी भाग हिरव्याच्या वर्गात जातो. भारतीय न्यायपरंपरेत याहून वेगळी दिशा दिसते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार आहेत : शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. त्यांत कृष्ण नाही, म्हणजे काळे नीलातच सामावले. सातवा चित्रवर्ण तर कोणत्याही रंगपट्टीवर दाखविता येणार नाही. नाना रंगांच्या धाग्यांनी विणलेले वस्त्र हे एक द्रव्य असेल, आणि रूप हा द्रव्याला सर्वांगी व्यापणारा गुण असेल, तर त्या वस्त्राचे रूपही एकच मानले पाहिजे. ते म्हणजे चित्र. नव्यनैयायिकांपैकी काहींना हे मान्य झाले नाही. कच्चा घट श्याम असतो आणि भट्टीतून रक्त होऊन निघतो, तेव्हा पाक परमाणूंत होतो की संपूर्ण घटात, हा वैशेषिक आणि नैयायिक यांचा वादही रंगाचाच वाद आहे. रंग म्हणजे द्रव्याला काय झाले याची खूण, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

मराठीच्या नित्य व्यवहारात ती आजही जिवंत आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसले ती जमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात या जोडीचे महत्त्व दिसते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्याने वाण नाही पण गुण लागला, या म्हणीतला 'वाण' हा संस्कृत 'वर्ण'च होय, आणि भाताचे वाण म्हणताना तोच शब्द जातीचा अर्थ देतो. जोडशब्दांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. केस काळेभोर, पण अंधार काळाकुट्ट. वस्त्र पांढरेशुभ्र, पण भ्यालेला चेहरा पांढराफटक. ओठ लालचुटूक आणि संतापलेला माणूस लालबुंद. पट्टीवर कदाचित एकच ठिकाण सापडेल, परंतु बोलणाऱ्याचा कल दुसऱ्या पदात व्यक्त होतो. काळा आणि सावळा यांतील अंतरही पुष्कळदा छटेचे नसून कलाचे असते. उपवर मुलीच्या बाबतीत ते किती निष्ठुरपणे मोजले जाते हे सांगायला नको.

त्याच समाजाने आपला देव सावळा मानला. त्याचे पांडुरंग हे नाव अक्षरशः गोरेपणा सुचविते. ते पंढरपूरच्या जुन्या कन्नड नावाचे संस्कृतीकरण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. भक्ताला यात काही खटकत नाही. केरळात कथकलीच्या 'पच्च' वेषात कृष्णाचा चेहरा हिरवा रंगवितात, आणि तेथेही कोणाला खटकत नाही. संस्कृतात श्याम हा शब्द गडद हिरव्यालाही लागत असल्याने त्यात विरोध नाहीच. बंगालीने हा हिरवा अर्थ जपला : तेथे श्यामल म्हणजे पिकांनी भरलेली भूमी. मराठीने कांतीचा अर्थ राखला. एकाच धातूची नाणी, पण चलन वेगळे. बंगाली काव्यातील 'श्यामल' शेत मराठीत आणणाऱ्याने हिरवेगार म्हटले तर शेत मिळते आणि कृष्ण हातचा जातो; सावळे म्हटले तर कृष्ण राहतो, पण पीक करपल्याचा भास होतो; आणि श्यामल तसेच ठेवले तर मराठी वाचक त्या शेतावर संध्याकाळ झाली असे समजतो.